जुईमागची भिंत

आमच्या अंगणाची जांभ्या चिऱ्याची भिंत दर पावसाळ्यात शेवाळाने काळी पडते. रत्नागिरीत चिरा काळा नाही पडला तरच नवल. पण मुंबईच्या धाकट्या दिरांना गणपतीला येताना ती लालबुंद हवी होती. फोटो छान येतात म्हणे. घर त्यांचंही आहे, वर्षातून आठवडाभर.

श्रावण लागताना मी एक दिवस पूर्णगडला बहिणीकडे गेले होते. तेवढ्यात दिरांनी फोनवरून हातखंब्याचा एक मशीनवाला ठरवला आणि त्याने अ‍ॅसिड मारून भिंत धुऊन काढली. संध्याकाळी फाटक उघडलं तर घसा खवखवायला लागला. भिंत लाल, आणि तिच्या बुडाशी लावलेली जुई पोळून निघालेली. पानांच्या कडा तपकिरी, कळ्या करपलेल्या. सगळं पाणी तिच्याच आळ्यात उतरलं होतं. मशीनवाला पाइप गुंडाळत होता. "काकू, दोन सरी पडल्या की जाईल सगळं," म्हणाला.

ही जुई ह्यांनी लावलेली. श्रावणात रोज संध्याकाळी हे कळ्या खुडून ओल्या रुमालात आणून देत आणि मी गजरा करायची. हे गेल्यावर मी फुलं माळणं सोडलं. तोंडाने कोणी सांगितलं नव्हतं, पण बाराव्याला बायका ज्या नजरेने माझ्या केसांकडे बघत होत्या, ते सांगितल्यासारखंच होतं. तरी कळ्या खुडायची आणि वाटीत पाण्यात ठेवायची. वास घ्यायला कोणाच्या बापाची भीती?

मी कंबर कसली. विहिरीचं पाणी सोडून सोडून आळं धुतलं, वरची माती खरवडून फाटकाबाहेर टाकली, नवी माती आणि शेणखत भरलं, जळके शेंडे छाटले. काही दिवसांनी पोपटी पालवी फुटली. मी देवापुढे साखर ठेवली. मग एक दमदार सर आली आणि पालवी पुन्हा करपली.

माझं डोकंच फिरलं. भिंतीवरून ओघळणाऱ्या पाण्याला हात लावला तर बोटं चुरचुरली. तेव्हा ट्यूब पेटली. चिरा पाणी पितो आणि सावकाश सोडतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. तो अ‍ॅसिडही प्यायला होता, आणि दर सरीला थोडं थोडं जुईच्या मुळाशी ओकत होता. मी आपली माती धूत बसले होते. आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी.

दिरांना फोन केला. याच अंगणात लहानाचे मोठे झाले, म्हटलं समजेल त्यांना. ते हसले.

"अहो वहिनी, आता तुम्हाला कशाला हवीत फुलं? गौरीसाठी मी दादरहून गजरे आणतो की."

मी फोन ठेवला. बायका जे नुसतं नजरेने बोलल्या, ते ह्या बाबाने हसत हसत तोंडावर सांगितलं.

बाजारात गेले आणि कळीचा चुना घेऊन आले. अ‍ॅसिडला मारायचं तर चुना, एवढं आम्हाला शाळेत शिकवलं होतं. बादलीत विरवला, निवू दिला. पावसाने उघडीप दिली तशी जुई दोरीने अलगद पुढे ओढून बांधली, मुळांवर शिंतोडे नकोत म्हणून खाली गोणपाट अंथरलं, आणि वेल पसरली होती तेवढ्या भिंतीला चुन्याचे हात मारले. पावसाने उतरला तिथे पुन्हा मारले.

दीर-जाऊ आले. दीर फाटकातच थांबले. लाल भिंतीच्या मधोमध पांढरंफटक ठिगळ.

"वहिनी, काय करून ठेवलंत हे? लोक येणार दर्शनाला."

"चुना आहे, भाऊजी."

"किती दिवस राहणार असा?"

"मी आहे तोवर. पुढे तुम्ही आहात, आणि तुमचं मशीन आहे."

जाऊ मान खाली घालून सामान आत घेऊन गेली. फोटो त्यांनी मागच्या पडवीत काढले. गौरीला दादरचे गजरे घातले, कारण जुईवर कळी औषधालाही नव्हती. त्या दिवशी मला रडू आलं, खोटं कशाला बोलू.

अर्धीअधिक वेल वाळलीच. ती मी स्वतःच्या हाताने तोडली. ते सगळे मुंबईला गेल्यावर, अश्विनात, उरलेल्या एका फांदीवर मूठभर कळ्या आल्या. संध्याकाळी खुडल्या, ह्यांचा रुमाल ओला करून त्यात ठेवल्या. सकाळी गजरा केला, केसांत माळला आणि पिशवी घेऊन भाजी आणायला बाजारात गेले. बायकांनी बघितलं. कोणी विचारलं असतं तर सांगणार होते, आमच्याच भिंतीवरचा आहे म्हणून. कोणी विचारलं नाही.