आत्याबाईंची मराठी गेली

माझी धाकटी जाऊ माझ्यापेक्षा दिसायला बरी आहे, तिच्या माहेरची माणसं मोठी आहेत, तिच्या हातचं वरणसुद्धा माझ्यापेक्षा चांगलं होतं. यातलं काहीच मला कधी बोचलं नाही. पण ती माझ्या सासूशी तेलुगूत बोलायला लागली आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्याबाईंना, मागच्या दिवाळीनंतर अर्धांगाचा झटका आला. जालन्याच्या दवाखान्यातून आष्टीला घरी आणलं तेव्हा उजवा हात लुळा होता आणि मराठी गेली होती. तोंडातून येत होती ती नुसती तेलुगू. त्यांचं माहेर धर्माबादकडचं, तेलंगणाच्या शिवेवरचं. लग्न होऊन इकडे आल्या, लोक हसतात म्हणून ती भाषा त्यांनी सोडूनच दिली. मी या घरात वीस-बावीस वर्षं आहे, पण त्यांच्या तोंडून तेलुगूचा एक शब्द ऐकला नव्हता. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, नंतर शिकलेलं पुसलं जातं आणि लहानपणचं राहतं. मराठी परत येईल का, ते त्यांनाही सांगता आलं नाही.

धाकटा दीर जालन्यात बियाण्याच्या कंपनीत आहे. आईसाठी म्हणून त्यानं बायकोला आष्टीला आणून ठेवलं. ती उदगीरकडची, घरात कानडी, शाळेत मराठी. पहिल्याच आठवड्यात तिनं ओळखलं की आत्याबाई ‘नीळ्ळु’ म्हणतात म्हणजे पाणी मागतात, कारण तिच्या कानडीत पाण्याला नीरु. महिन्याभरात दोघी गप्पा मारायला लागल्या. अंघोळ मी घालायची, वेणी मी घालायची, औषधं मी द्यायची, आणि आत्याबाईंनी हसायचं मात्र धाकटीकडे बघून. आयत्या पिठावर रेघोट्या म्हणतात त्या याच.

मग मीही हट्टाला पेटले. मोबाइलवर तेलुगू शिकवणारी एक बाई सापडली. धुणं धुताना, भांडी घासताना मी तिच्यामागून घोकायला लागले. पण मला मराठीशिवाय दुसरी येते ती हिंदी, तीही बागवानाच्या गाड्यापाशी घासाघीस करताना शिकलेली. तेलुगूसाठी तोंड उघडलं की ती हिंदीच बाहेर पडायची. एकदा मोठ्या हौसेनं आत्याबाईंना जेवायचं विचारायला गेले आणि म्हणाले, “अम्मा, खाना?” त्या भिंतीकडे बघत राहिल्या.

धाकटी म्हणाली, “अक्का, माझ्या बी तोंडात आधी कानडीच येती. मंग तिलाच जरा वाकवून बघते, बसलं तर बसलं. लहानपणापासून दोन भाषा बोलून राह्यले ना, चुकायची लाज न्हाई वाटत.”

समजावत होती बिचारी. मला वाटलं, हिच्या त्या दोन्ही भाषा एका गाठोड्यात बांधाव्यात आणि उदगीरला पाठवून द्याव्यात.

खरं दुःख तेलुगूचं नव्हतंच. आत्याबाई दिवसभर काय बोलतात ते धाकटी सांगायची. माहेरची गाय, दारातली चिंच, पाठचा भाऊ, गोदावरीचं पाणी. सगळं लग्नाआधीचं. त्यात मी कुठेच नव्हते. मी त्यांना भेटले मराठीत, भांडले मराठीत, सासरे गेले तेव्हा आम्ही गळ्यात गळा घालून रडलो तेही मराठीत. ती मराठीच गेली तर मी त्यांच्यात कुठल्या कोपऱ्यात उरले असेन? उरले आहे की नाही, एवढंच मला कळायला हवं होतं.

एक दिवस राहवलं नाही. धाकटीला म्हटलं, “इचार त्यांना, ही कोण म्हणून.”

तिनं विचारलं. आत्याबाईंनी मला नीट न्याहाळलं, हसल्या आणि काहीतरी बोलल्या. धाकटी उगाच खाटेवरची चादर सारखी करायला लागली.

“सांग की.”

“म्हणल्या, शेजारची असंल. लई चांगली बाई हाये, म्हणल्या.”

चांगली! सून म्हणून इतकी वर्षं राबले, तेव्हा हा शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाला नव्हता. शेजारीण झाले आणि लगेच चांगली झाले. मी जाऊन तवा ठेवला आणि डोळे पुसत भाकरी थापायला लागले. मागे खाटेपाशी दोघींचं पुन्हा सुरू झालं होतं, माझे कान तिकडेच. तव्यावरची भाकरी धुरायला लागली तरी मला पत्ता नाही.

“ए थोरले! ध्यान कुठंय तुहं? भाकर जळून राह्यली न् ही रडत बसली!”

धाकटीच्या हातातला पेला खाली पडला. मी खाटेपाशी धावले. “आत्याबाई, काय म्हणल्या तुम्ही? पुन्हा म्हणा!” पण त्या केव्हाच परत माहेरी पोचल्या होत्या. मला त्यांनी गोड आवाजात पाणी मागितलं, तेलुगूत.

दुसऱ्या दिवशी धाकटी म्हणाली, “अक्का, आज भाकरी मी करते.” तिनं ती मुद्दाम जाळली, मी बघत होते. आत्याबाईंनी वास घेतला आणि मायेनं काहीतरी विचारलं. धाकटीचं तोंड एवढंसं झालं.

“काय म्हणल्या?” मी विचारलं.

“हात तर न्हाई ना भाजला पोरी, म्हणल्या.” मग जळकी भाकरी ताटलीत काढत म्हणाली, “मला न्हाई रागवत त्या तसं.”

तिच्या आवाजात जे होतं ते मी कित्येक महिने गिळत आले होते, त्यामुळे लगेच ओळखलं. खरं तर तिची दया यायला हवी होती. आली नाही. मी तिला हळूच बाजूला सारलं, नवी भाकरी तव्यावर टाकली आणि गॅस मोठा केला.