पडद्यावरचा पांढरा घोडा

मी शिकवायचे ते कॉम्प्युटरचे क्लास बंद पडले तशी मी कळंबला घरूनच टॅरो बघायला लागले. टॅरो म्हणजे चित्रांचे पत्ते. एक पत्ता उघडायचा आणि त्यावरच्या चित्राला धरून समोरच्याच्या प्रश्नावर बोलायचं. माणसं बहुतेक फोनवर असायची, म्हणून लॅपटॉपवर एक सॉफ्टवेअर टाकून घेतलं होतं. पत्ते तेच पिसायचं. चित्र मात्र काडेपेटीएवढं दिसायचं आणि मोठं केलं की सगळं विस्कटायचं. नीट करायला हवं होतं, पण दिवसभर लोकांची लग्नं, नोकऱ्या, भांडणं ऐकून झाल्यावर त्या पडद्याकडं पुन्हा बघवायचं नाही.

एका दुपारी शेजारीण तिच्या मावशीला माझ्याकडं बसवून गेली. मावशी भूमकडच्या. त्यांचे मालक अर्धांगवायूनं कैक वर्षं अंथरुणात होते, पोरबाळ नव्हतं. जावेला त्यांच्याजवळ बसवून मावशी एसटीनं आल्या होत्या आणि त्यांना लगेच परतायचं होतं.

"काय विचारायचंय, मावशी?"

"मनात धरलंय. तू दाव."

मी बटण दाबलं. पत्ता उघडला. तो मृत्यूचा पत्ता होता. मावशींनी मात्र पुढं वाकून हात जोडले.

"आपला खंडोबाच हाय की गं! पांढऱ्या घोड्यावर. खाली भंडारा पडलाय बघ."

भंडारा कसला? पिवळ्या झग्यातला एक धर्मगुरू उभा होता तो.

"मोठं करून दाव. डोळ्याला दिसंना झालंय."

मोठं केलं तर नुसते रंगाचे चौकोन. "असं नगं, नीट दाव," त्या म्हणाल्या. हो, खंडोबाच, असं खोटं बोलायचंही त्राण नव्हतं. कपाटातल्या छापील संचातून तोच पत्ता काढला, क्लासच्या वेळच्या स्कॅनरवर पालथा घातला, सगळ्यात बारीक सेटिंग लावलं. स्कॅनर रेंगाळत फिरत होता. मावशी हात जोडूनच बसल्या होत्या. नवं चित्र सॉफ्टवेअरमध्ये टाकलं आणि पडदाभर उघडलं. घोड्याच्या लगामाची कडीन् कडी दिसत होती. वर काळ्या चिलखतातला हाडांचा सापळा. टापांखाली आडवा पडलेला राजा.

मावशींनी पडद्याजवळ तोंड नेलं. मग जोडलेले हात मांडीवर आले.

"खंडोबा न्हाय ह्यो."

"नाही."

"मरण हाय."

"तसा अर्थ नसतो, मावशी. काहीतरी जुनं संपतं, नवं..." हे वाक्य मी इतक्यांदा बोलले होते की माझं मलाच ते ऐकवेना.

"ते ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा. "ह्यो आधी कुणाकडं येतो तेवढं सांग. माझ्याकडं आधी नगं. त्यांना पोचवून एक दिस जगले तरी लई झालं. म्या आधी गेले तर त्यांना कोण कुशीवर वळवंल?"

घोड्यासमोर गुडघे टेकून एक लहान लेकरू वर बघत होतं. तेही आता स्वच्छ दिसत होतं.

"मला नाही कळत, मावशी," मी म्हणाले.

"मलाबी न्हाय," त्या म्हणाल्या आणि पदर सावरून उठल्या. चहा झाला. स्टँडवर मीच सोडायला गेले.

पावसाळा सरता सरता त्यांचे मालक गेले. दिवसपाणी उरकल्यावर शेजारणीनं मावशींना कळंबला आणलं. मी भेटायला गेले तेव्हा त्या भरदुपारी सोप्यात, उशीसुद्धा न घेता, गाढ झोपल्या होत्या.

"आल्यापासनं असंच," शेजारीण हळूच म्हणाली. "जेवायला उठतेत, परत झोपतेत. उठवू का?"

"नको," मी म्हणाले, आणि पावलं न वाजवता बाहेर आले.