मठासाठी चाळीस मिनिटं

बल्गेरियातलं ते डोंगरातलं गाव आईने स्वतः निवडलं होतं. इंग्लंडात, कॉव्हेंट्रीला आई-बाबांच्या शेजारी राहणाऱ्या बाईने तिला तिथल्या जुन्या ख्रिस्ती मठाचे फोटो दाखवले होते. आईने आयुष्यात पहिल्यांदाच कुठे जायचं म्हटलं, म्हणून मी मिल्टन कीन्समध्ये बसून तीन दिवसांची यादी केली. विमान, दोघांची औषधं, बाबांचं बिनतिखट जेवण, मठासाठी चाळीस मिनिटं.

मठ मध्ययुगातला. भिंतींवरची चित्रं धुराने काळवंडलेली. दाराशी मेणबत्त्या विकणाऱ्या बाईने आईला हातवाऱ्यांनीच समजावलं: वरच्या ताटात जिवंत माणसांसाठी, खालच्या वाळूत गेलेल्यांसाठी. आईला लगेच कळलं. तिने एकच घेतली आणि ती खाली वाकली.

माझी मावशी त्याच्या आदल्या वर्षी नागपूरला वारली होती. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, तिला जाता आलं नाही.

"अगं, काय करतेस?" बाबा मागून म्हणाले. "बावीस प्रतिज्ञा घेतल्यास ना? मेणबत्ती घरी लाव, बुद्धासमोर."

"अहो, मी देवाला लावत नाहीये. माझ्या बहिणीसाठी लावतेय."

"कोणी फोटो टाकला मंडळाच्या ग्रुपवर, तर काय तोंड दाखवू? मंडळाचा अध्यक्ष पोरांना प्रतिज्ञा शिकवतो आणि बायको चर्चमध्ये वाकलेली!"

आईने माझ्याकडे पाहिलं. तिचं बरोबर होतं, हे मला कळत होतं. पण बाबांशी वाद घातला की अर्धा तास जातो, आणि चाळीसातली पस्तीस मिनिटं संपली होती.

"बाबा बरोबर बोलतायत, आई. चल, सव्वाचारची बस आहे."

तिने मेणबत्ती न लावताच परत दिली. त्या बाईला काही कळेना. ती पुन्हा पुन्हा वाळूकडे बोट दाखवत राहिली.

बस वीस मिनिटं उशिरा आली. स्टॉपवरून मठाचं दार समोर दिसत होतं. वेळेत निघालो म्हणून बाबा मला शाबासकी देत होते. परत जाऊ या, असं मी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मघाशी खोटं बोलले हे कबूल करावं लागलं असतं. आईनेही परत जायचं विचारलं नाही.

यंदा मी स्कॉटलंडचं विचारलं.

"तुम्ही दोघं जाऊन या," आई म्हणाली आणि बाबांचा चहा गाळायला लागली.