पाण्याची सोय

आमच्या ज्ञानकोशातल्या काकांचा मला मनापासून राग आहे आणि तो कमी व्हावा अशी माझी इच्छाही नाही. लोक म्हणतात, वयस्कर आहेत, सोडून द्या. वय झालं की माणूस शहाणा होतो असं कुठं आहे? काहींचं नुसतंच वय होतं.

हे काका मूळचे नागपूरचे. केंद्र सरकारच्या नोकरीतून इथं जयपुरातच निवृत्त झाले आणि सी-स्कीममध्ये मुलाकडे राहतात. मी कोल्हापूरकडची, बँकेत अधिकारी, बदलीनं इथं आलेली. आमचं घर मुरलीपुऱ्यात. गच्चीवर कपडे वाळत घालताना समोर नाहरगडाचे डोंगर दिसतात. सुरुवातीला मी ते डोंगर बघूनच चिडायचे, कारण गावाकडे सवड मिळाली की कुठला ना कुठला गड चढणारी मी, आणि इथं चढायची वाट सांगायला कुणी नाही. विचारावं तर शेजारचे भैया म्हणायचे, "मैडम, ऊपर तक गाड़ी जाती है ना!"

मराठी मंडळात माझ्यासारखीच डोंगराला आसुसलेली आयटीतली काही तरुण मुलं भेटली. इंटरनेटवर सगळ्यांनी मिळून लिहायचा जो मुक्त ज्ञानकोश आहे, त्याच्या मराठी आवृत्तीत जयपूरभोवतीच्या पायवाटांवर लेख लिहायचे, असं त्यांनी ठरवलं होतं. कुणीही लिहावं, कुणीही दुरुस्त करावं, बिदागी कुणालाच नाही. रविवारी आम्ही वाटा तुडवायचो आणि बुधवारी संध्याकाळी काकांच्या घरी लॅपटॉप घेऊन बसायचो. काका डोंगरावर येत नसत, त्यांचे गुडघे गेलेत. ते नियम सांभाळायचे. दुसऱ्यानं लिहिलेलं उलटवायचा, म्हणजे पुसून आधी होतं तसं करायचा हक्क तिथं सगळ्यांनाच असतो. वापरत मात्र काका एकटेच.

पायवाटांच्या लेखांचा साचाही काकांनीच घालून दिला, आणि खरी गोम तिथं आहे. मराठी माणूस गडाची माहिती वर्षानुवर्षं एकाच साच्यात वाचत आलाय: जाण्याच्या वाटा, राहण्याची सोय, जेवणाची सोय, पाण्याची सोय, लागणारा वेळ. सह्याद्रीत ते बरोबरच आहे. गड म्हटला की वर कातळात खोदलेलं टाकं असायचंच. शेवाळ हातानं बाजूला सारायचं, ओंजळ भरायची आणि प्यायचं. काकांनी हाच साचा उचलून अरवलीवर ठेवला. राहण्याची सोय: नाही. जेवणाची सोय: स्वतः करावी. आता पाण्याच्या सोयीपुढेही 'नाही' लिहायचं म्हणजे आपल्या माणसाच्या जिवावर येतं. एका वाटेच्या लेखात काकांनी लिहिलं, "वाटेच्या मध्यावर प्राचीन दगडी कुंड आहे. त्यातील पाणी बारमाही व पिण्यायोग्य आहे."

शेजारी फोटोही होता. काठोकाठ भरलेलं कुंड, हिरवागार डोंगर, आणि फोटोच्या कडेला हिरव्या साडीतल्या एका बाईचा कोपर. त्या काकू. आता त्या नाहीत. गुडघे धड होते तेव्हा काका एकदाच, चांगल्या पावसानंतर, त्यांच्यासोबत तिथवर गेले होते आणि दोघं ते पाणी प्यायले होते. हे मला त्यांच्या सुनेनं सांगितलं. ऐकून वाईट वाटलं, नाही असं नाही. पण काकूंच्या आठवणीपायी दुसऱ्या कुणाच्या घशाला कोरड पडावी, हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही.

होळी झाल्यावर मी ती वाट चढून गेले. कुंड ठणठणीत कोरडं. तळाशी चिप्सची पाकिटं, एक मेलेलं कबूतर आणि सुकून भेगाळलेल्या चिखलात माकडांचे पाय उमटलेले. चिखलही जुना होता. मी पायऱ्या उतरून खाली गेले, फोटो काढले, घरी आले आणि ते वाक्य काढून टाकलं. जेवून उठते तोवर काकांनी ते परत घातलं होतं. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, "संदर्भ नाही."

बुधवारी मी तावातावानंच सी-स्कीमला गेले.

"काका, कुंडात टिपूस नाही. मी आत उतरून आलेय."

"उतरल्या असाल ना ताई," काका म्हणाले. "पण तुमचं ते उतरणं कुठं छापून आलं आहे काय?"

"हे फोटो बघा की."

"फोटो तर तुम्हीच काढून राहिल्या. हे झालं स्वतःचं संशोधन. ज्ञानकोशात ते चालत नाही."

"मग तुम्ही 'बारमाही' कशावरनं लिहिलंत?"

काकांनी शांतपणे लॅपटॉप माझ्याकडे वळवला. एका हिंदी पेपरची रविवारची पुरवणी. शहराजवळच्या पायवाटांवर कुणीतरी लिहिलं होतं, त्यात ओळ होती: बीच रास्ते में प्राचीन कुंड, जिसका पानी बारहों महीने पीने योग्य है. आमच्या लेखात त्या वाक्यापुढे संदर्भाचा आकडा होता तो याचाच.

"अहो काका, हे त्यांनी आपल्याच लेखातनं उचललंय! आपला लेख आधीचा आहे."

"ते तुम्ही सिद्ध करा. छापून आलं म्हणजे आलं."

"सिद्ध कशाला? हातच्या कांकणाला आरसा हवा का? चला, उद्या गाडीनं पायथ्याशी नेते, पुढं हळूहळू चढू."

"बाप्पा! माझे गुडघे पाहा अन् तुम्ही पाहा!"

बाकीची मंडळी कचोरी खाण्यात गुंग होती. त्यातला एकजण माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, मतलब नियम तर आहेच ना तो." नियम आहे हे मला कळतं. तो वाईटही नाही. नाहीतर उद्या कुणीही उठून आपल्या गावच्या टेकडीवर पांडव येऊन गेले म्हणून लिहील. पण नियम खोटं अडवण्यासाठी केला होता आणि या माणसानं त्याच नियमाची भिंत बांधून आत खोटं सुखरूप ठेवलं होतं. आधी आपण थाप मारायची, दुसऱ्यानं ती छापायची, आणि मग छापील थाप दाखवून आपण खरे ठरायचं. मला त्या संध्याकाळी काकांचा लॅपटॉप खिडकीतून फेकून द्यावासा वाटत होता.

मग सुरू झाली हमरीतुमरी. मी वाक्य काढायचं, काकांनी घालायचं. लेखाच्या चर्चा-पानावर मी हातभर लिहिलं, काकांनी एका ओळीत उत्तर दिलं. त्या पेपरलाही कळवलं, तिकडून हूं की चूं नाही. शेवटी ज्ञानकोशाच्या पुण्याकडच्या एका व्यवस्थापकानं, "आपसात सहमती करा," असं बजावून ते पानच कुलूपबंद केलं. कुलूप लागलं ते काकांच्या वाक्यासकट. एप्रिल सरत आला होता, ऊन चटके द्यायला लागलं होतं, आणि पाणी पिण्यायोग्य आहे असं जगाला सांगणारी ती ओळ आता मलाही पुसता येत नव्हती.

घरी माझ्या बाजूनं कुणी होतं म्हणावं तर तेही नाही. माझा नवरा विमा कंपनीत, त्याची शाखा चाकसूला. रोज टोंक रोडनं जाऊन-येऊन तो दमलेला असायचा आणि आल्या आल्या माझं कुंडपुराण त्याच्या कानी पडायचं. "कशाला म्हाताऱ्याच्या नादाला लागतीस?" तो म्हणायचा. "छापून आलंय म्हंजे कायतरी असंल की." मुलगी मोबाईलमधून मान वर न काढता विचारायची, "आई, पण हे वाचतं तरी कोण?"

वाचणारं निघालं ते आमचं मराठी मंडळच. महाराष्ट्र दिनाजवळच्या रविवारी सगळ्यांनी मिळून डोंगर चढायचा बेत ठरला. जयपूरच्या मे महिन्यात डोंगर चढायची कल्पना फक्त मराठी माणसालाच सुचू शकते. मंडळाच्या ग्रुपवर काकांनी लेखाची लिंक टाकली आणि खाली लिहिलं, "वाटेत पाण्याची सोय आहे. उगाच ओझे नेऊ नये." मी लगेच लिहिलं, "कुंड कोरडं आहे. प्रत्येकानं भरपूर पाणी आणा." काकांनी परत तीच लिंक टाकली. तिच्याखाली अंगठ्यांची रांग लागली. माझ्या निरोपाखाली एका बाईंनी हात जोडलेलं चित्र टाकलं, त्याचा अर्थ मला अजून कळलेला नाही.

आदल्या संध्याकाळी मी नवऱ्याच्या सॅकमध्ये पाण्याच्या मोठ्या बाटल्या भरल्या. सकाळी त्यानं त्या काढल्या आणि मंडळाचा स्पीकर आत कोंबला. वर जाऊन पोवाडा लावायचा होता म्हणे. एक छोटी बाटली त्यानं बाजूच्या कप्प्यात खोचली. दारातच आमचं कडाक्याचं भांडण झालं. तो म्हणाला, "तुझ्या सॅकमधे हाय की सगळी विहीर."

पायथ्याशी पोहे झाले, झेंडा झाला, फेटे बांधून फोटो झाले, दोन भाषणंही झाली. चढायला लागलो तेव्हा दगड तापले होते. अरवलीत सावली म्हणजे धोक नावाची खुरटी झाडं, तीही उन्हाळ्यात पानं गाळून बसलेली. मुलं सारखी पाणी मागत होती. त्यांच्या आयांनी आणलेल्या छोट्या बाटल्या पहिल्या चढातच संपल्या, मग ती माझ्याकडे येऊ लागली. मुलांना नाही म्हणता येत नाही. माझी सॅक हलकी होत गेली तसतशी माझी भीती वाढत गेली. नवऱ्यानंही आपली बाटली कुणाच्यातरी पोराला देऊन टाकली आणि म्हणाला, "आलंच की कुंड."

कुंड आलं. सगळे काठावर ओळीनं उभे राहून आत वाकून बघत होते. हात जोडलेलं चित्र टाकणाऱ्या बाई म्हणाल्या, "अगंबाई! पण लेखात तर आहे!" असं म्हणून त्यांनी कुंडाकडेच नापसंतीनं पाहिलं. कुणीतरी काकांना फोन लावून स्पीकरवर ठेवला.

"काका, इथं पाणी नाहीये."

"नीट पाहा ना," काका घरात बसून म्हणाले. "खालच्या पायरीवर असेल."

तेव्हा माझ्या तोंडून जे निघालं ते इथं लिहिण्यासारखं नाही. मुलं ऐकत होती, तरी निघालं आणि त्याची मला लाज वाटत नाही.

उतरताना नवरा माझ्यापुढे होता. तो बडबड्या माणूस, पण एकाएकी गप्प झाला. मी हाक मारली तर वळून म्हणाला, "चाकसूची बस गेली का गं?" मला वाटलं चेष्टा करतोय. मग तो एका झाडाखाली बसला आणि बसल्या बसल्या कलंडला. अंग चुलीसारखं तापलेलं आणि घामाचा थेंब नाही. मी सॅक उलटी केली. एकेक बाटली तोंडाशी नेऊन झटकली. पदर भिजवून कपाळावर ठेवावा एवढंही पाणी त्या डोंगरावर आमच्यातल्या कुणाकडे नव्हतं. मला वाटलं, हा गेला. एवढंच वाटलं, दुसरं काही सुचेना. आयटीतल्या त्याच मुलांनी झेंड्याच्या कापडात घालून त्याला खाली आणलं. खाली ॲम्ब्युलन्स येऊन उभी होती, आणि तिच्याभोवती बघे, आणि बघ्यांत एक वार्ताहर.

तो वाचला. मूत्रपिंडांना मार बसलाय म्हणून डॉक्टरांनी ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या हाताला सलाईन लावलेलं, मी खुर्चीवर बसलेली, तेवढ्यात फोनवर ज्ञानकोशाची सूचना आली. पानाचं कुलूप उघडलं होतं आणि काकांनी बदल केला होता. "पाण्याची सोय: नाही. मार्गावरील कुंड उन्हाळ्यात कोरडे असते." पुढे संदर्भाचा नवा आकडा. कारणाच्या रकान्यात, "विश्वसनीय संदर्भ मिळाला." मी आकड्यावर बोट ठेवलं. त्या दिवशीच्या हिंदी पेपरातली चार ओळींची बातमी उघडली: सूखा निकला कुंड, पहाड़ी पर पर्यटक बेहोश. नवऱ्याचं वयसुद्धा चुकीचं छापलं होतं.

थोड्या वेळानं काकांचाच फोन आला. मला वाटलं, तब्येत विचारतील.

"पाहिलं ना ताई? केली दुरुस्ती. आता झालं तुमच्या मनासारखं."

मी फोन कापला. नवऱ्यानं डोळे उघडले होते.

"काय म्हणत हुते?"

मी मोबाईल त्याच्या तोंडासमोर धरला. त्यानं ती ओळ सावकाश वाचली. कुंड कोरडं हे त्याला नव्यानं सांगायची गरज नव्हती.

"ह्यो फुडचा आकडा कसला?"

"संदर्भ."

"कुठला?"

"तू," मी म्हटलं.

त्यानं मान उशीवर टाकली आणि पाणी मागितलं.