शालिकचे सात वार

नागपुरात सक्करदऱ्याच्या आमच्या गल्लीत प्रयागबाईंना नाही म्हणायची कुणाची टाप नव्हती. दोन म्हशी त्यांच्या, आणि साऱ्या गल्लीचा चहा त्या म्हशींच्या भरवशावर. स्वतःला त्या गरीब विधवा म्हणवून घेत; आम्ही आपल्या माना हलवायचो.

चौऱ्याहत्तर साली शेजारच्या चंपतरावांचा शालिक पंधरा वर्षांचा होता. मारामाऱ्या करून शाळेतून निघाला होता, दोनदा पोलीस चौकीही पाहून आला होता. मिलमधून आलेले चंपतराव रोज जेवताना त्याचा उद्धार करत. पोरगं ताट लोटून बाहेर पडे आणि त्याची आई कौसल्या रडत बसे. शेवटी चंपतरावांनी जाहीर केलं, दिवाळी झाली की याला सुधारगृहात टाकतो.

प्रयागबाईंनी शालिकला वार लावून दिले. गरीब विद्यार्थी जेवतो तसं रोज संध्याकाळी एकेका घरी जेवायचं. सोमवार त्यांचा, गुरुवार आमचा, रविवार खुद्द चंपतरावांचा. ते भडकलेच.

"माह्या घरी चूल पेटत नाही काय?"

"पेटते ना गा. पण तिच्यावर भाकरीपेक्षा बोलणेच जास्त शिजते. वाराच्या पोराले ताटावर कोणी बोलत नाही. रविवारी तू बी बोलाचं नाही."

पहिल्या गुरुवारी शालिक आमच्याकडे मान खाली घालून जेवला. तिसऱ्या गुरुवारी त्याने भाजी मागून घेतली, चौथ्याला आमचा बंद रेडिओ उघडून बसला. सोमवारी मात्र त्याची परीक्षा असे. प्रयागबाई दुधात पाणी घालत नसत. ते सगळं वरणात जाई. पोरगं किती खातं म्हणून त्या गल्लीभर कुरकुरत आणि दोन भाकरी जास्तच थापत.

रविवारी चंपतराव भिंतीकडे बघत जेवायचे. दोन वर्षांनी पोरगं घरात पोटभर जेवलं, हे सांगताना कौसल्येला रडू आलं. मलाही आलं.

दिवाळी झाली. चंपतराव प्रयागबाईंच्या गोठ्यात येऊन उभे राहिले तेव्हा आम्हाला वाटलं, आता सुधारगृहाचंच काढणार.

"मावशी, सोमवार बी मले द्या ना."

प्रयागबाईंनी धार काढताना मान वर केली नाही. "सोमवार माहा आहे. दुसरा माग."

चंपतरावांनी मंगळवार मागून नेला, मग बुधवार. होळीपर्यंत सगळे वार घरी गेले. सोमवार तेवढा प्रयागबाईंनी कधीच सोडला नाही. शालिक पुढे नोकरीला लागला, त्याचं लग्न झालं, तरी दर सोमवारी तो ते पाणीदार वरण जेवायला जायचा, आणि ताटावर एक शब्द बोलायचा नाही.