चार भाषांत बिनदाराचं घर

शनिशिंगणापुरात माझं तेला-फुलांचं दुकान आहे आणि शेजारी साळूबाईंचं घर. या गावात सगळ्यांत हट्टी कोण, असं कुणी विचारलं तर मी तोंड न उघडता मानेनंच शेजारी दाखवीन. साळूबाई भाविकांना दोन खोल्या भाड्याने देतात. खोल्यांना चौकट आहे, पडदा आहे, दार नाही. गावाची रीतच ती. राखणारा देव समोर असताना कडी कशाला? त्यांच्या घरात कपाटालासुद्धा कुलूप नाही, आणि याचा त्यांना जेवढा अभिमान आहे तेवढा स्वतःच्या मुलाचाही नसेल.

त्यांची सून अश्विनी. कॉलेज शिकलेली, कॉम्प्युटरवर हात चालणारी, आणि हट्टात सासूला हार जाणारी नाही.

"आत्या, आपली वेबसाइट करू. मराठी, हिंदी, गुजराती, तेलुगू. लांबलांबच्या मानसांना आपलं घर कळंल."

"कर बाई. पर त्यात खोटं काय लिहू नको," साळूबाई म्हणाल्या.

अश्विनीने वेबसाइटचा तयार साचा घेतला. त्यात नमुन्यादाखल शहरातल्या कुठल्याशा लॉजचा इंग्रजी मजकूर होता. तो तसाच मागे ठेवून तिने मराठी पान स्वतः लिहिलं, आणि काय सुरेख लिहिलं! बाकीच्या भाषांसाठी भाषांतराचं बटण दाबलं. पण साच्यात मूळ भाषा इंग्रजीच ठरलेली होती, म्हणून तो शहरी लॉजच तिन्ही भाषांत उतरला. हिंदी तरी वाचून बघायची, पण हौसेपुढे सवड कुठली? वेबसाइट मला दाखवली तेव्हा मीही फोटो पाहून "झकास" म्हणून मोकळी झाले.

शनिवारी सुरतहून एक माणूस म्हाताऱ्या आईला घेऊन आला. खोली पाहून त्याने फोन पुढे धरला आणि त्यातलं गुजराती भर गल्लीत हिंदीतून सांगितलं. प्रत्येक खोलीला भक्कम दार आणि कुलूप आहे, असं तुम्हीच लिहिलंय!

साळूबाईंनी कुलूप लावलं, ही बातमी देवळापर्यंत पोचायला किती वेळ लागणार? मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना.

"ह्या घरात कवा कुनी कडी लावली न्हाई," त्या सुनेला म्हणाल्या, "अन् तू फोनात कुलूप लावलंस? गावाला काय त्वांड दावू? बंद कर ते."

अश्विनीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिने सबबी सांगितल्या नाहीत. "चूक माजी हाय, आत्या. बंद करते."

इकडे सुरतच्या आजी पायरीवर बसून राहिल्या. दाराशिवाय त्यांना झोप यायची नाही आणि दुसरं घर शोधायला पायांत बळ नाही. साळूबाई आत गेल्या. आता पाहुण्यांनाही वाटेला लावतात की काय, असं मला वाटलं. पण त्या आल्या त्या वळकटी घेऊन, आणि खोलीच्या उंबऱ्याशी बाहेरून ती आडवी टाकली.

"सांग तुज्या आईला," त्या मुलाला म्हणाल्या, "दार मी हाय."

सकाळी आजी माझ्याकडे हार घ्यायला आल्या तेव्हा चांगल्या टवटवीत होत्या. साळूबाईंचे डोळे मात्र तांबारलेले. आजी लई घोरतात म्हणे.

अश्विनीने धीर केला. "आत्या, बंद करू का नीट करू?"

साळूबाईंनी वळकटी गुंडाळून कोपऱ्यात ठेवली. "खरं लिहिनार असशील तर नीट कर."

तिने मराठी हीच मूळ भाषा ठरवली, इंग्रजी नमुना काढून टाकला आणि बाकीची पानं मराठीला जोडली. आता मराठीत एक ओळ बदलली की बाकीच्या भाषांत 'तपासा' अशी खूण उमटते. तपासायला मात्र ती बटणावर विसंबत नाही. हिंदी तिने स्वतः पाहिलं. गुजराती पान सुरतच्या आजींनी ओसरीवर चष्मा लावून वाचलं. तेलुगू पान झाकूनच ठेवलं होतं, ते पुढे हैदराबादहून आलेल्या एका मास्तरांनी पाहून दिलं. चहा साळूबाईंचा.

चारही भाषांत पहिला मजकूर एकच आहे: 'आमच्या खोल्यांना दार नाही. भीती वाटली तर उंबऱ्याशी साळूबाई झोपतील.'

गावात त्यांचा मान राहिला, उलट वाढला. शेजारीण म्हणून मीही मिरवते. परवा त्या लेकीकडे राजूरला निघाल्या होत्या, हातात पिशवी होती. तेवढ्यात गाडीतून पाहुणे उतरले. त्यांनी खोली पाहिलीच नाही, आधी विचारलं, साळूबाई कुठे आहेत?

साळूबाईंनी पिशवी खाली ठेवली. "अश्विने, माजं नाव चार भाषांत लावलंस, अन् मला गावाभाईर जायची सोय ठेवली न्हाईस!"

असं म्हणाल्या, आणि हसू दाबत वळकटी आणायला आत गेल्या.