टेबलावरच्या तीन टोप्या

मिस ओझेलांच्या खानावळीत गिऱ्हाइकाला आवडनिवड नसायची. ताटात पडेल ते खायचं आणि वर "छान झालंय" म्हणायचं. जो म्हणायचा नाही, त्याला दुसऱ्या दिवशी कॉर्नब्रेडचा, म्हणजे मक्याच्या पावाचा, करपलेला कोपरा मिळे. अलाबामातल्या आमच्या गावात त्यांना सगळेच टरकून असत, आमचे पाद्रीसुद्धा. आज मी इथल्या शाळेत शिकवतो, चार माणसं मला मान देतात, ते त्या बाईंमुळे. हे सांगताना मला कसलाही संकोच वाटत नाही.

फेब्रुवारीत आमच्याकडे एक सण असतो, तो कॅलेंडरात छापत नाहीत. शाळेच्या व्यायामशाळेत टेबल मांडतात. ज्या कॉलेजांनी फुटबॉलसाठी, म्हणजे आमच्याकडच्या अंगावर धडकायच्या फुटबॉलसाठी, बोलावलं असेल त्यांच्या टोप्या त्यावर ठेवतात, आणि पोरगा साऱ्या गावादेखत एक उचलून डोक्यावर घालतो, मग सही करतो. मी लाल टोपी घातली तेव्हा बँड वाजला, आई रडली, मिस ओझेलांनी भलामोठा केक आणला. फी माफ, राहणं-जेवण फुकट. आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच.

आता, एका कॉलेजला फुटबॉलसाठी वर्षाला पंचवीसच नवी पोरं घेता येतात असा तेव्हा नियम होता. नियमाबद्दल माझी तक्रार नाही. खुर्च्या मोजक्या असल्या की माणसंही मोजूनच बोलवावी लागतात. पण त्या कॉलेजच्या कोचनं अठ्ठावीस जणांच्या सह्या घेऊन ठेवलेल्या. दोन-तीन तरी परीक्षेत आपटतील हा त्यांचा हिशोब. आणि त्या वर्षी मेले सगळेच्या सगळे पास झाले!

जुलैत कोचचा फोन आला. "कॉर्डेल, तू जानेवारीत ये. तुला पुढच्या वर्षाच्या पंचवीसांत धरू. तोवर घरीच थांब. फक्त वजन उतरू देऊ नकोस, तीनशे पौंड हवेत."

म्हणजे तोवर कॉलेज मला साधा पावसुद्धा देणार नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे गाव. जो तो विचारी, "अरे, तू अजून इथंच?" एके दिवशी मी तिरीमिरीत ती लाल टोपी खानावळीच्या मागच्या खरकट्याच्या पिंपात फेकली. वळलो तर दारात मिस ओझेला.

"उद्या सकाळी कामाला ये," त्या म्हणाल्या. "पगार नाही. जेवण आहे."

मी बटाट्याची पोती वाहायचो आणि त्या मला चारायच्या. तळलेला मासा, डुकराचं मटण, वर लोणी थापलेला कॉर्नब्रेड. नको म्हटलं की डाव उगारायच्या. रूफस न्हावी एकदा भर दुपारी गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "काय रे, कॉलेजच इकडे येणार आहे का चालत?"

"रूफस," त्या चुलीपासूनच म्हणाल्या, "तुझ्या टकलावर केस उगवायची मी किती वर्षं वाट बघतेय! त्याला जानेवारीपर्यंत थांबू दे की."

रूफसनं पुन्हा तो विषय काढला नाही.

डिसेंबरात कोचचा फोन आला: जागा ठेवलीय, नव्या वर्षाच्या पहिल्या सोमवारी हजर हो. त्याच आठवड्यात कोंबड्यांच्या कारखान्यातून कायमच्या नोकरीचं बोलावणं आलं. खरं सांगतो, मला कारखाना बरा वाटला. पुन्हा मिरवत जायचं आणि पुन्हा तोंड पाडून परत यायचं, एवढी माझी छाती नव्हती. मी मिस ओझेलांना तसं सांगितलं. त्या नुसतं "हं" म्हणाल्या.

नव्या वर्षाच्या दिवशी सगळं गाव शुभ म्हणून चवळी खायला त्यांच्याकडे आलेलं. त्यांनी मधलं टेबल पुसलं, वर चादर अंथरली आणि तीन टोप्या मांडल्या. एक खानावळीची पांढरी. एक कारखान्यात केसांवर घालतात ती जाळी. आणि तिसरी माझी लाल टोपी, धुऊन इस्त्री केलेली, कडेला रश्शाचा डाग तेवढा राहिलेला.

"उचल," त्या म्हणाल्या. "कुठलीही घातलीस तरी टाळ्या वाजतील. आणि जो वाजवणार नाही, त्याला चवळी नाही."

कुणी हसलं नाही. मी टेबलापाशी गेलो. मग लाल टोपी घातली. रूफसनं सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या.

मिस ओझेलांनी जाळी हळूच उचलली आणि घडी करून एप्रनच्या खिशात ठेवली.

"ही कुठून आणलीत?" मी विचारलं.

"माझीच आहे. खानावळ काढायच्या आधी सगळी उमेदीची वर्षं तिथंच कोंबड्या सोलल्या," त्या म्हणाल्या. "मला कुणी टेबल मांडून विचारलं नव्हतं, बाळा."

तीनशे पौंडांचा गडी मी, त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून हमसून हमसून रडलो.

"रड," त्या पाठ थोपटत म्हणाल्या, "पण बेतानं. वजन उतरेल."